पहाटे चार वाजता कोळंबीच्या तलावात काय घडतं? पाणी बिघडलं की मासे, कोळंबी आणि कालवं का मरतात?

पंचगंगेच्या काठावर मेलेल्या माशांचा खच. असा व्हिडीओ दरवर्षी एकदा तरी तुमच्या व्हॉट्सॲपवर येतो. कधी नदी पंचगंगा असते, कधी कृष्णा, कधी इंद्रायणी. खालच्या कमेंट्समध्ये मात्र एकच प्रश्न असतो : पाण्यात विष कुणी कालवलं?

बऱ्याचदा विष कालवायची गरजच पडलेली नसते. हे मासे गुदमरून मेलेले असतात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपला की पाण्यातला जीवही गुदमरतो.

नदीत ही वेळ वर्षातून एखाद-दोनदा येते. पण जो शेतकरी तलावात कोळंबी किंवा मासे वाढवतो, त्याच्यासाठी ही भीती रोजच्या रात्रीची असते. तीन-चार महिने वाढवलेला, लाखो रुपयांचं खाद्य खाल्लेला माल एका पहाटेत तरंगायला लागू शकतो. आणि मत्स्यशेतीतलं निम्मं कौशल्य मासे सांभाळण्यात नाही, तर पाणी सांभाळण्यात आहे.

हे पाणी नेमकं बिघडतं कसं आणि त्याचा तुमच्या ताटातल्या कोळंबीशी काय संबंध, ते समजून घेऊया.

मुळात पाण्यात ऑक्सिजन असतो किती?

आपण श्वास घेतो त्या एक लिटर हवेत साधारण पावणेतीनशे मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. ३० अंश तापमानाच्या एक लिटर निमखाऱ्या पाण्यात तो जेमतेम ७ मिलिग्रॅम मावतो. म्हणजे चाळीसपट कमी. माणूस ज्या गोष्टीचा विचारही करत नाही, तीच पाण्यातल्या जिवासाठी सगळ्यात तुटपुंजी असते.

त्यात आणखी दोन अडचणी आहेत. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. आणि पाणी जितकं खारट, तितकाही कमी. उन्हाळ्यात खाडीकाठच्या तलावात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात.

कोळंबी नीट वाढायची असेल तर ऑक्सिजन लिटरमागे ४ ते ५ मिलिग्रॅमच्या वर असावा लागतो. तो ३ च्या खाली गेला की कोळंबी खाणं सोडते. १ च्या आसपास पोहोचला की मरायला लागते.

मग पहाटच धोक्याची का?

तलावाचं पाणी हिरवट दिसतं ते त्यातल्या सूक्ष्म शेवाळामुळे. दिवसा ऊन असतं, तेव्हा हे शेवाळ झाडासारखं काम करतं आणि पाण्यात ऑक्सिजन सोडतं. दुपारी तीन-चारला तलावात ऑक्सिजन भरपूर असतो.

सूर्य मावळला की हा कारखाना बंद पडतो. पण खाणारे चालूच राहतात. कोळंबी श्वास घेते, शेवाळही श्वास घेतं, तळाला पडलेलं उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजवणारे जिवाणूही ऑक्सिजन वापरतात. रात्रभर नुसता खर्च, जमा काहीच नाही. त्यामुळे शिल्लक सगळ्यात कमी असते ती पहाटे, सूर्य उगवायच्या जरा आधी.

म्हणूनच कोळंबीच्या तलावात चाकासारखी फिरून पाणी उडवणारी यंत्रं दिसतात. त्यांना एरिएटर म्हणतात. ती शोभेची कारंजी नाहीत. ती हवा पाण्यात मिसळतात. रात्री वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही, तर दाट बीज सोडलेल्या तलावात काही तासांत सगळा माल हातचा जाऊ शकतो.

ढगाळ हवाही तितकीच घातक. दोन-तीन दिवस ऊन पडलं नाही तर शेवाळ दिवसाही पुरेसा ऑक्सिजन बनवत नाही. कधी कधी शेवाळच एकदम मरतं. मग हिरवं पाणी एका दिवसात पारदर्शक किंवा तपकिरी होतं. बघणाऱ्याला वाटतं, पाणी स्वच्छ झालं. अनुभवी शेतकऱ्याला मात्र तिथे धोका दिसतो. कारण मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही खातं.

प्रदूषण बाहेरूनच येतं असं नाही

आता एक साधं गणित. समजा एका हेक्टरच्या तलावातून ५ टन कोळंबी निघाली. त्यासाठी साधारण ७ टन खाद्य लागलं. कोळंबीच्या खाद्यात ३५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. प्रथिनांमधला नायट्रोजन मोजला तर या ७ टनांत तो ३९० किलोच्या घरात जातो.

यातला पाव ते एक तृतीयांश नायट्रोजनच कोळंबीच्या अंगी लागतो. बाकीचा २६० ते २९० किलो विष्ठा, न खाल्लेलं खाद्य आणि अमोनियाच्या रूपात पाण्यात आणि गाळात जातो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर हा ऐवज युरियाच्या १२ ते १४ पोत्यांइतका आहे. एका हेक्टरच्या तलावात, एका पिकात.

म्हणजे बाहेरून एक थेंबही सांडपाणी आलं नाही, तरी तलाव स्वतःच स्वतःला प्रदूषित करत असतो. जितकं बीज दाट, तितकं खाद्य जास्त आणि तितकी घाण जास्त. म्हणूनच भारतात व्हेनामी कोळंबीसाठी बीजाच्या घनतेवर मर्यादा आहे : दर चौरस मीटरला जास्तीत जास्त ६०.

पहाटे ऑक्सिजनची भीती, दुपारी अमोनियाची

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप फारसा त्रास देत नाही. दुसरं कल्ल्यांवाटे थेट शरीरात शिरतं आणि ते विषारी आहे. कुठलं रूप किती, हे ठरतं पाण्याच्या पीएचवर आणि तापमानावर.

३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात पीएच ८ असेल तर शंभरातला साधारण ७ भाग अमोनिया विषारी रूपात असतो. पीएच ९ झाला की हाच वाटा ४० च्या वर जातो. अमोनिया तितकाच, पण पाण्याची प्रकृती बदलली आणि त्याचं विष वाढलं. खाऱ्या पाण्यात आकडे थोडे कमी असतात, पण चाल हीच.

पीएच वाढतो कधी? भर दुपारी. कारण ऊन असताना शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि पीएच वर चढतो. म्हणजे ज्या वेळी तलावात ऑक्सिजन भरपूर असतो, त्याच वेळी अमोनिया सगळ्यात विषारी असतो. म्हणून जाणकार शेतकरी पीएच सकाळी एकदा आणि दुपारी एकदा असा दोनदा मोजतो. एकाच वेळी मोजलेला आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

अमोनियापासून पुढे जिवाणू नायट्राइट बनवतात. गोड्या पाण्यातल्या माशांसाठी हा आणखी एक शत्रू. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतो आणि माशाचं रक्त चक्क तपकिरी होतं. पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो, कारण रक्त तो वाहून नेत नाही. यावर एक जुना आणि स्वस्त उपाय आहे : तलावात मीठ टाकणं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतं.

तळाचा काळा गाळ

मासा पाण्यात वर-खाली फिरू शकतो. कोळंबी मात्र बहुतेक वेळ तळाशी असते आणि घाणही तळाशीच साचते.

तळाला ऑक्सिजन पोहोचला नाही की गाळ काळा पडतो आणि त्यातून सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा हायड्रोजन सल्फाइड वायू. अगदी थोड्या प्रमाणातही तो पेशींचं श्वसन बंद पाडतो. म्हणून पीक निघाल्यावर तलाव पूर्ण रिकामा करून, तळ भेगा पडेपर्यंत उन्हात वाळवतात आणि काळा गाळ काढून टाकतात. ही पायरी घाईत गाळली तर पुढचं पीक सुरुवातीपासूनच आजारी जागेवर उभं राहतं.

पाणी बिघडलं की रोग का येतो?

भारतात कोळंबीशेती नव्वदच्या दशकात जोरात वाढली. तेव्हा टायगर कोळंबीचा जमाना होता. १९९४-९५ च्या सुमारास व्हाइट स्पॉट नावाचा विषाणू आला आणि आंध्र प्रदेश, तामिळनाडूच्या किनाऱ्यावरचे तलावच्या तलाव काही दिवसांत रिकामे झाले. पुढे २००९ मध्ये अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची व्हेनामी कोळंबी भारतात वाढवायला परवानगी मिळाली. आज देशातून परदेशी जाणाऱ्या कोळंबीत तिचाच वाटा मोठा आहे.

पण नवी जात आली म्हणून पाण्याचा नियम बदलला नाही. विषाणू आणि जिवाणू तलावात बहुतेक वेळा असतातच. कमी ऑक्सिजन, जास्त अमोनिया, तापमानातली किंवा क्षारतेतली अचानक उलथापालथ यांनी कोळंबी थकली, की तिची प्रतिकारशक्ती पडते आणि रोगाला वाव मिळतो. गाळात साचलेल्या घाणीवर व्हिब्रिओ जातीचे जिवाणू पोसले जातात. रोग दिसतो शेवटी, पण त्याची सुरुवात पाण्यात आधीच झालेली असते.

इथेच शेजाऱ्याचा प्रश्न येतो. एकाच खाडीतून दहा शेतकरी पाणी घेतात आणि त्याच खाडीत सोडतात. वरच्या तलावातलं रोगट पाणी भरतीबरोबर खालच्याच्या पंपात येतं. एकट्याने कितीही काळजी घेतली तरी पाणी सामाईक आहे.

या सगळ्याचा त्रास फक्त शेतकऱ्यांनाच झाला असंही नाही. किनाऱ्यालगतच्या गावांत विहिरी खाऱ्या होणं, भातखाचरं नापीक होणं, खारफुटी तोडली जाणं अशा तक्रारी वाढल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर १९९६ मध्ये एस. जगन्नाथन खटल्यात न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातल्या, पारंपरिक पद्धती सोडून बाकीच्या कोळंबी तलावांवर बंदी घातली. नंतर २००५ मध्ये संसदेने कोस्टल ॲक्वाकल्चर ऑथॉरिटी कायदा केला. नोंदणीची चौकट आली. ५ हेक्टरपेक्षा मोठ्या फार्मला सांडपाणी प्रक्रियेची सोय बंधनकारक झाली. म्हणजे तलावातलं पाणी थेट खाडीत न सोडता आधी एका टाकीवजा तलावात थांबवायचं, घाण खाली बसू द्यायची आणि मगच बाहेर काढायचं.

खाडीत बाहेरून काय येतं?

सगळ्यात आधी, कीटकनाशक. कोळंबी आणि कीटक हे दोघंही संधिपाद, म्हणजे एकाच मोठ्या कुळातले. त्यामुळे तुडतुड्यांना मारायला बनवलेलं औषध कोळंबीलाही मारतं, आणि तेही फार कमी मात्रेत. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं एका लिटर पाण्यात एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असली तरी कोळंबीसाठी जीवघेणी ठरू शकतात. कोकणात आंब्याच्या मोहरावर याच गटातली औषधं फवारली जातात. फवारणीचा पंप खाडीला मिळणाऱ्या वहाळात धुणं ही म्हणूनच किरकोळ चूक नाही.

दुसरी गोष्ट, पाऊस. पहिल्या मोठ्या सरीचं गोडं पाणी हलकं असतं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. वरचा थर आणि खालचा थर वेगळा होतो आणि तळाला ऑक्सिजन पोहोचत नाही. पीएच, तापमान, क्षारता सगळं एकदम घसरतं. कोळंबी घाबरून कात टाकते. कात टाकलेली कोळंबी काही तास मऊ, दुबळी असते आणि बाकीच्या कोळंब्या तिलाच खातात.

तिसरी गोष्ट, सेंद्रिय सांडपाणी. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला ‘मळीमिश्रित पाणी’ म्हणतात, ते याच प्रकारातलं. ते कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, त्या मापाला बीओडी म्हणतात. घरगुती मैलापाण्याचा बीओडी लिटरमागे २००-३०० मिलिग्रॅम असतो. डिस्टिलरीच्या प्रक्रिया न केलेल्या स्पेंट वॉशचा ४० हजारांच्याही वर जातो. सुरुवातीला सांगितलेले मेलेल्या माशांचे व्हिडीओ आठवून पाहा. नदीचं पाणी आटलेलं असताना असं पाणी मिसळलं, तर वेगळं विष टाकायची गरज राहत नाही.

मग कोलकात्यात सांडपाण्यावर मासे कसे वाढतात?

इथे गोष्ट थोडी उलटते. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे साडेबारा हजार हेक्टरचा पाणथळ भाग आहे. २००२ पासून तो रामसर स्थळांच्या यादीत आहे. शहराचं मैलापाणी तिथल्या ‘भेरी’ नावाच्या उथळ तलावांमध्ये सोडतात आणि त्यावर मासे वाढवतात. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललंय.

हे जमतं कारण तलाव उथळ आहेत आणि तळापर्यंत ऊन पोहोचतं. पाणी आधी काही दिवस थांबवलं जातं, त्यात शेवाळ वाढतं, ते ऑक्सिजन देतं आणि माशांचं खाद्यही बनतं. मासेमारांना पाण्याचा रंग आणि वास बघून, किती मैलापाणी आत घ्यायचं याचा अंदाज येतो. घरगुती मैला म्हणजे एका मर्यादेपर्यंत खतच. मर्यादा ओलांडली की तेच विष. कारखान्यातून आलेल्या क्रोमियम किंवा शिशासारख्या धातूंना मात्र हा हिशेब लागू होत नाही. त्यांना शेवाळ कुजवू शकत नाही. ते गाळात आणि माशात साचत जातात.

महाराष्ट्रात उजनीचं उदाहरण समोर आहे. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनी धरणात जातं. आज उजनी म्हटलं की मासेबाजारात पहिलं नाव निघतं ते चिलापीचं. हा मासा मूळचा आफ्रिकेतला आणि कमी ऑक्सिजनमध्येही तग धरणारा. घाण पाण्यात सगळे मासे मरतात असं नाही. जे सहन करू शकतात ते उरतात, बाकीचे हळूहळू जाळ्यात येणं बंद होतं.

कालवं आणि शिनाण्यांचा प्रश्न वेगळा का?

कोळंबीला खाद्य द्यावं लागतं. कालवं, शिनाणे, तिसऱ्या यांना नाही. ते पाणी गाळून त्यातलं शेवाळ खातात. एक मोठं कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं. म्हणजे ते पाणी स्वच्छही करतं. पण गाळलेलं सगळं, मैल्यातले जिवाणू-विषाणू, धातू, शेवाळाचं विष, त्याच्या मांसात साचतं. कालव स्वतः ठणठणीत असतं. आजारी पडतो खाणारा.

१९९७ मध्ये केरळच्या विळिंजम भागात शिंपले खाऊन अनेकांना विषबाधा झाली, काहींचा जीव गेला. कारण होतं विशिष्ट शेवाळाचं विष. ते शिजवूनही जात नाही.

फ्रान्समधल्या आर्काशाँ खाडीने या गोष्टीची दोन रूपं पाहिली आहेत. सत्तरच्या दशकात तिथल्या कालवांची पिल्लं जगेनाशी झाली, शिंपा वेड्यावाकड्या वाढायला लागल्या. दोष निघाला बोटींच्या तळाला लावायच्या रंगातल्या ट्रायब्युटिल टिन या रसायनाचा. १९८२ मध्ये फ्रान्सने लहान बोटींवर या रंगाला बंदी घातली आणि काही वर्षांत कालवं पुन्हा रुजू लागली. जगभर बंदी लागू व्हायला मात्र २००८ उजाडलं. त्याच आर्काशाँमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये, ऐन नाताळच्या हंगामात, कालवांची विक्री थांबवावी लागली. अतिवृष्टीने गटारं तुंबून मैलापाणी खाडीत गेलं होतं आणि लोकांना नोरोव्हायरसची लागण झाली होती.

म्हणूनच युरोपात आधी खाडीचा दर्जा ठरतो. १०० ग्रॅम मांसात ई. कोलाय जिवाणू २३० च्या आत असतील तर खाडी ‘अ’ वर्गात आणि कालवं थेट बाजारात. त्याहून जास्त असतील तर कालवं आधी स्वच्छ पाण्याच्या टाकीत ठेवून ‘धुवावी’ लागतात. या टाकीत जिवाणू निघून जातात. विषाणू, धातू आणि शेवाळाचं विष सहज निघत नाही. त्यामुळे खाडी स्वच्छ ठेवण्याला पर्याय उरत नाही. सिंधुदुर्गात बचत गटांच्या महिला खारफुटीच्या खाड्यांमध्ये कालवं आणि शिनाणे वाढवू लागल्या आहेत. त्यांच्या धंद्याचं भांडवल म्हणजे ती स्वच्छ खाडीच.

याचा तुमच्या ताटाशी संबंध काय?

पाणी हाताबाहेर गेलं की घाबरलेला शेतकरी औषधाच्या दुकानात जातो. तिथून अँटिबायोटिकचा वापर सुरू होतो. व्हाइट स्पॉट विषाणूवर अँटिबायोटिकचा काहीच उपयोग नाही, तरीही. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या औषधांना भारतात मत्स्यशेतीत बंदी आहे. तरी त्यांचे अंश सापडत राहिले, म्हणून २०१६ मध्ये युरोपियन युनियनने भारतीय मत्स्यशेतीतल्या मालाची तपासणी १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेली. निर्यातीच्या मालाची तपासणी होते. गावच्या आणि शहरातल्या बाजारात येणाऱ्या मालाच्या बाबतीत ग्राहकालाच विचारावं लागतं.

त्यामुळे खरेदी करताना इतकं पाहा :

– कोळंबी कुठली, तलावातली की खाडी-समुद्रातली, हे विक्रेत्याला विचारा.

– अमोनियासारखा उग्र वास, डोक्याजवळ काळेपणा, मऊ पडलेलं कवच असेल तर घेऊ नका.

– शिजवण्याआधी तिसऱ्या, शिनाणे घट्ट मिटलेले असावेत. उघडा शिंपला टिचकी मारूनही मिटत नसेल तर टाकून द्या.

– शहराच्या नाल्याजवळ किंवा कारखान्याच्या सांडपाण्याजवळ काढलेली कालवं-तिसऱ्या टाळा. कच्ची तर खाऊच नका.

आणि पुढच्या वेळी मेलेल्या माशांचा व्हिडीओ आला, तर फॉरवर्ड करण्याआधी दोन गोष्टी विचारा. त्या दिवशी पाण्यात ऑक्सिजन किती होता? आणि तो मोजायला तिथे कुणी गेलं होतं का? प्रदूषण नियंत्रण मंडळाला तक्रार करतानाही हेच दोन प्रश्न कामी येतात. कारण मेलेले मासे दोन दिवसांत वाहून जातात आणि ऑक्सिजनचा आकडा त्याच पहाटे नोंदवला नसेल, तर नंतर कुणाचाच दोष सिद्ध होत नाही.